एका झाकणामागे किती सुटतं? सॅपवर कॉस्टिंग बसवतानाचा माझा अनुभव

आमचा कारखाना गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. औषध कंपन्यांना लागणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि झाकणं आम्ही बनवतो, आणि तिथलं कॉस्टिंग, म्हणजे मालाच्या खर्चाचा हिशेब, अकरा वर्षं मी बघते. राहते फोंड्याला. सकाळी सव्वासातला कंपनीची बस, बोरीचा पूल ओलांडून लोटलीमार्गे वेर्णा. एप्रिल २०२३ मधल्या एका मीटिंगमध्ये आमच्या मालकांनी विचारलं, "ताई, कुठल्या गिऱ्हाइकामागे आपल्याला किती सुटतात?"

मला उत्तर देता आलं नाही. वर्षाचा एकूण नफा पैशापर्यंत सांगता येत होता. एक्सेलमध्ये प्रत्येक मालाचं कॉस्ट शीट होतं, अडतीस टॅबची फाइल होती. पण वाहतूक, मोल्ड (साचा) बदलण्यात गेलेला वेळ आणि परत आलेला माल यांचा खर्च कुठल्या गिऱ्हाइकाच्या नावावर टाकायचा हे त्या फाइलला ठाऊक नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही हे खरं.

तिथून सॅप एस फोर हाना हे कंपनीचा सगळा हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं आणि त्यातल्या कंट्रोलिंगची, म्हणजे खर्च-नफ्याच्या भागाची, की यूजर (कंपनीतर्फे तो भाग बसवून घेणारी) म्हणून माझं नाव लागलं. आता वेर्णा, कुंडई, बेथोडा इथल्या कारखान्यांतल्या ओळखीच्या लोकांचे फोन येतात. सगळ्यांचे प्रश्न सारखेच, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

जून २०२३ मध्ये पुण्याहून कन्सल्टंट आले. पहिल्या दिवशी कंट्रोलिंग एरिया, ऑपरेटिंग कन्सर्न, प्रॉफिटॅबिलिटी सेगमेंट असे शब्द कानावर पडले आणि छातीत धस्स झालं. बाहेर पाऊस कोसळत होता, दोनदा वीज गेली, प्रोजेक्टर पुन्हा पुन्हा सुरू करावा लागला. त्या सगळ्या शब्दांमागे साधे प्रश्न आहेत हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. कॉस्ट सेंटर म्हणजे खर्च कुठे झाला. अ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे त्या विभागाने काय दिलं, मशीनचे तास की माणसांचे तास. प्रॉफिटॅबिलिटी सेगमेंट म्हणजे कुठला माल, कुठलं गिऱ्हाईक, कुठला विभाग या सगळ्याची मिळून झालेली एक गाठ, जिच्यावर विक्रीही पडते आणि खर्चही. मी वहीत डाव्या बाजूला त्यांचा शब्द आणि उजव्या बाजूला आमच्या कारखान्यातला अर्थ लिहीत गेले. तुम्हीही तेच करा. ती वही अजून माझ्या खणात आहे.

पहिला मोठा निर्णय होता नफ्याचं विश्लेषण कुठल्या पद्धतीने करायचं. जुन्या सॅपमध्ये बऱ्याच कंपन्या कॉस्टिंग-बेस्ड पद्धत वापरत. तिच्यात व्हॅल्यू फील्ड, म्हणजे रकमांचे ठरावीक रकाने, असतात आणि आकडे वेगळ्या तक्त्यांत साठतात, त्यामुळे महिनाअखेरीला ते हिशेबवह्यांशी जुळवत बसावं लागतं. एस फोर हानामध्ये फायनान्स आणि कंट्रोलिंग दोन्हींच्या नोंदी एकाच तक्त्यात जातात. त्याला युनिव्हर्सल जर्नल म्हणतात, तक्त्याचं नाव एसीडीओसीए. अकाउंट-बेस्ड पद्धत, म्हणजे आताचं मार्जिन अ‍ॅनालिसिस, थेट त्यावर चालते. मी अकाउंट-बेस्डचा आग्रह धरला. एक्सेलमध्ये मी इतकी वर्षं फरकच शोधत आले होते. नफा-तोट्याच्या पत्रकाशी आकडा आपोआप जुळणं ही चैन मला हवी होती.

मात्र एक अट घालून घ्या. विकलेल्या मालाचा खर्च एकाच खात्यात धो धो पडू देऊ नका. कॉस्ट कंपोनंटप्रमाणे (खर्चाच्या घटकांप्रमाणे) त्याची वेगळ्या खात्यांत विभागणी करण्याची सोय एस फोरमध्ये आहे. कच्चा माल, मशीन, मजुरी, स्थिर खर्च अशी ती आम्ही सुरुवातीलाच बसवून घेतली. ती नसती तर काँट्रिब्युशन, म्हणजे विक्रीतून बदलता खर्च वजा जाता उरणारी रक्कम, काढताच आलं नसतं.

मग कॅरॅक्टरिस्टिक्स, म्हणजे नफा कुठल्या कुठल्या अंगाने बघायचा ती यादी. प्रत्येक खात्याला काहीतरी हवं होतं आणि यादी सव्वीसवर गेली. शेवटी मी एकच प्रश्न विचारायला लागले: "हा आकडा दिसला तर तुम्ही काय वेगळं कराल?" उत्तर नसलं की ओळ खोडायची. शेवटी नऊ उरल्या. एक मात्र मी भांडून ठेवली, रंग. तिचं महत्त्व पुढे कळेल. नवी कॅरॅक्टरिस्टिक नंतरही जोडता येते, पण आधीच्या नोंदींमध्ये ती मागाहून भरणं हे वेगळंच काम होऊन बसतं. म्हणून इथे घाई करू नका.

जुलै-ऑगस्ट कॉस्ट सेंटर आणि दर ठरवण्यात गेले. आमच्या झाकणांच्या विभागात बारा मशीन आहेत. महिन्याचे पंचवीस दिवस, दिवसाचे वीस तास धरले तर ६,००० तास होतात. विभागाचा खर्च साधारण २१ लाख, म्हणजे तासाला ३५० रुपये. पण जुलैमध्ये मशीन ४,२०० तासच चालली होती. त्या हिशेबाने दर ५०० होतो. उत्पादनाच्या साहेबांचं म्हणणं, प्रत्यक्षात आलेला दरच खरा. मी मानलं नाही. काम कमी असलं की दर वाढणार, दर वाढला की कोटेशन महाग होणार, आणि मग काम आणखी कमी होणार. साठ्याच्या मूल्यांकनाचं लेखामानकही स्थिर उत्पादनखर्च सामान्य क्षमतेवर वाटायला सांगतं. त्यामुळे केपी२६ मध्ये (सॅपमध्ये प्रत्येक कामाच्या स्क्रीनला असा कोड असतो, हा दर भरायचा) ३५० भरले, त्यातला स्थिर आणि बदलता भाग वेगळा करून. उरलेला खर्च महिनाअखेरीला 'रिकामी क्षमता' या वेगळ्या ओळीत जाईल असं ठरलं. तो कुठल्याच गिऱ्हाइकाच्या डोक्यावर नाही. याच मुद्द्यावर पुढेही मला तीनदा बोलावं लागलं आणि दर वेळी मी तेच सांगितलं.

सप्टेंबर म्हणजे मास्टर डेटा, मालाची मूळ माहिती. १९ सप्टेंबरला गणपतीची चवथ होती आणि त्याआधी चारशेच्या वर बीओएम, म्हणजे कुठल्या मालाला काय किती लागतं त्याचे तक्ते, तपासून द्यायचे होते. स्टोअरचे काका आणि मी समोरासमोर बसून एकेक ओळ वाचत होतो. चाचणी म्हणून सीके११एन (एका मालाचा खर्च काढायचा कोड) लावलं तर एका झाकणाचा कच्चा माल निघाला ३४१ रुपये. हजार झाकणांना ३.१ किलो प्लास्टिकचा दाणा लागतो, दाण्याचा भाव ११० रुपये किलो. कुणीतरी बेस क्वांटिटीत, म्हणजे हे माप किती झाकणांसाठी त्या रकान्यात, हजारऐवजी एक टाकलं होतं. ही चूक डोळ्यांत भरते म्हणून सापडली.

डोळ्यांत न भरणारी चूक वेगळीच होती. त्याच झाकणाचा खरा कच्चा माल ३४.१ पैशांचा. सॅप भाव दोनच दशांशांत ठेवतं. प्राइस युनिट, म्हणजे भाव किती नगांचा तो आकडा, १ असलं तर भाव ०.३४ होतो आणि दर झाकणामागे पैशाचा दहावा हिस्सा हवेत जातो. महिन्याला कोट्यवधी झाकणं निघतात तिथे ही रक्कम लहान राहत नाही. छोट्या, स्वस्त वस्तूंना प्राइस युनिट १,००० ठेवा, आणि ते पहिल्या दिवसापासून ठेवा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. कॅल्क्युलेटर घेऊन बसले म्हणून दिसलं.

नोव्हेंबरमध्ये राउटिंग, म्हणजे माल बनवायच्या पायऱ्या आणि त्यांना लागणारा वेळ, भरायला घेतलं. मोल्ड बदलायला ४५ मिनिटं, असं वर्षानुवर्षं कागदावर लिहिलेलं. मला ते पटत नव्हतं. म्हणून दोन रात्री तिसऱ्या पाळीत जाऊन बसले.

रात्री साडेअकराला सात नंबरच्या मशीनवर पांढरं झाकण संपलं आणि तपकिरी सुरू करायचं होतं. क्रेनने मोल्ड उचलला, पाण्याचे पाइप सोडवले, नवा बसवला. इथपर्यंत पन्नास मिनिटं. मग रंग बदलणं. बॅरलमध्ये, म्हणजे दाणा वितळतो त्या नळीत, पांढरा दाणा अडकलेला असतो, तो निघेपर्यंत माल बाहेर टाकत राहायचा. आधी पांढरे लोळे पडले, मग दुधाळ कॉफीसारखे, मग पट्ट्यापट्ट्यांचे. ऑपरेटर प्रत्येक झाकण दिव्यासमोर धरून बघत होता आणि खोक्यात टाकत होता. "बाय, रंग बदलपाक वेळ लागता," एवढंच तो म्हणाला. पहिलं चांगलं झाकण निघालं तेव्हा दोन वाजले होते. अडीच तास गेले, आणि बाजूच्या खोक्याचं वजन केलं तर सहा किलो.

घरी जाताना गाडीतच हिशेब मांडला. अडीच तास गुणिले ३५० म्हणजे ८७५ रुपये, सहा किलो दाण्याचे ६६०, मिळून १,५३५. लाखाची ऑर्डर असेल तर झाकणामागे दीड पैसा. दहा हजारांची असेल तर पंधरा पैशांच्या वर. आणि दहा हजार झाकणं त्या मशीनवर दोन-सव्वादोन तासांत निघतात! चालवायला लागतो त्याहून जास्त वेळ बदलायला. ते झाकण आम्ही ८५ पैशांना विकत होतो. एप्रिलमधल्या मालकांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला त्या खोक्यात मिळालं.

उत्तर सापडलं तरी ते सॅपमध्ये बसवणं सोपं नव्हतं. स्टँडर्ड कॉस्ट, म्हणजे आधी ठरवलेला खर्च, एका ठरावीक लॉट साइझवर (एका खेपेच्या संख्येवर) निघतं, आमच्याकडे एक लाख. छोटी ऑर्डर चालवली की जादा सेटअपचा फरक प्रॉडक्शन ऑर्डरवर व्हेरिअन्स (ठरलेल्या आणि झालेल्या खर्चातली तफावत) म्हणून राहतो, आणि ऑर्डर सेटल झाली, तिचा हिशेब मिटवला, की नफ्याच्या विश्लेषणात जातो. पण आम्ही माल साठ्यासाठी बनवतो, त्यामुळे त्या ऑर्डरवर गिऱ्हाईक नसतंच. व्हेरिअन्स मालाच्या नावावर पडतो, गिऱ्हाइकाची जागा रिकामी. दोन आठवडे आम्ही यावर अडकलो होतो. मग लक्षात आलं की खास रंगाचं झाकण एकच गिऱ्हाईक घेतं. मालाचा कोड कळला की गिऱ्हाईक कळलंच. केईडीआर मध्ये डेरिव्हेशनचा नियम लिहिला, माल बघ आणि गिऱ्हाईक भर. साध्या पांढऱ्या झाकणांना हे लागू नाही, ते तसंच मालावर राहू दिलं. सगळं गिऱ्हाइकावर ढकलायचा हट्ट धरला की आकडे खोटे होतात.

वाहतुकीचं थोडक्यात सांगते. ट्रान्सपोर्टरचं बिल महिन्याला एकगठ्ठा येतं. आधी वजनावर वाटायचं ठरलं होतं. पण रिकाम्या बाटल्यांचा ट्रक वजनाने कधीच भरत नाही, जागेने भरतो. म्हणून घनमीटर आणि अंतर या पायावर केई२८ ने वाटप लावलं. त्यासाठी प्रत्येक खोक्याचं माप मटेरियल मास्टरमध्ये भरावं लागलं. फूटपट्टी घेऊन तीन दिवस.

जानेवारी-फेब्रुवारी २०२४ चाचणीत गेले. मार्चमध्ये कटओव्हर, म्हणजे जुन्यावरून नव्यावर जाणं. क्रम महत्त्वाचा आहे: आधी सीके४०एन ने कॉस्टिंग रन (सगळ्या मालांचा खर्च एकदम काढणं), मग मार्क (पुढचा भाव म्हणून नोंदवणं), मग रिलीज (तो लागू करणं), त्यानंतरच साठा चढवायचा, कारण साठा त्याच भावाने बसतो. रिलीज केलेला भाव त्या महिन्यात पुन्हा रिलीज करता येत नाही, म्हणून रिलीजच्या आधी सगळ्यात महाग पन्नास आणि सगळ्यात जास्त खपणाऱ्या पन्नास मालांची छापील यादी घेऊन हाताने ताळा करा. मी दोन दिवस दिले, चौदा चुका सापडल्या.

३१ मार्चला साठ्याची मोजणी होती. तो ईस्टरचा रविवार. आमच्या स्टोअरमधले निम्मे सहकारी ख्रिस्ती. सकाळची प्रार्थना आटोपून ते दहाला हजर झाले आणि रात्री नऊपर्यंत खोकी मोजत होते. येताना घरून डबे घेऊन आले होते, आम्हालाही वाढले. त्या दिवसाचं ऋण मी विसरणार नाही. १ एप्रिलला, सोमवारी, पहिलं इन्व्हॉइस निघालं.

त्या महिन्यात कंपनीची बस मला क्वचितच मिळाली. रात्री वेर्ण्याहून फोंड्याला गाडी करायची तर हजाराच्या आसपास लागत. सुरुवातीचे सहा-सात वेळचे मी स्वतः दिले, मग मॅनेजरांना सांगितल्यावर कंपनीने सोय केली. हे आधीच बोलून ठेवा, संकोच करू नका. मुलीची दहावीची परीक्षाही एप्रिलमध्येच होती. तिचा अभ्यास सासूबाईंनी सांभाळला.

पहिली महिनाअखेर अवघड गेली. ७ मे ला लोकसभेचं मतदान, त्याची सुट्टी मध्ये. घसारा, पगार, विजेची तरतूद, मग डब्ल्यूआयपी (अर्धवट काम), व्हेरिअन्स, सेटलमेंट, असेसमेंट (विभागांच्या खर्चाचं वाटप), शेवटी केई३० चा रिपोर्ट. हे सगळं संपायला ११ मे उजाडली. एप्रिलचा नफा अपेक्षेपेक्षा छान दिसत होता. मी तो आकडा मालकांना दिला.

दोन दिवसांनी एका ऑर्डरवर नजर गेली. एक लाखाची ऑर्डर, ९८ हजार झाकणं तयार होऊन स्टोअरला गेलेली, काम केव्हाच संपलेलं. पण ऑर्डर उघडीच होती. पूर्ण संख्या आली नाही तर सॅप ती ऑर्डर आपोआप पूर्ण झाली असं मानत नाही. कुणीतरी ती तांत्रिकदृष्ट्या बंद करावी लागते, त्याला टेको म्हणतात. टेको नसेल तर उरलेला खर्च व्हेरिअन्स होत नाही, डब्ल्यूआयपी म्हणून ताळेबंदात जाऊन बसतो. अशा ६३ ऑर्डर निघाल्या आणि त्यांच्यावर ९ लाखांच्या वर रक्कम. तेवढा नफा खोटा होता.

केबिनमध्ये जाऊन सांगणं फार जड गेलं. मी छापील यादी घेऊन गेले, काय झालं ते सांगितलं, सुधारलेला आकडा दिला. मालक थोडा वेळ यादी बघत राहिले आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात हे आधी तपासा." तेव्हापासून प्रत्येक महिन्याच्या २८ तारखेला उघड्या ऑर्डरची यादी उत्पादन विभागाकडे जाते. या अनुभवातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. मे चं क्लोजिंग सात दिवसांत झालं, जुलैचं चार.

ऑगस्टमध्ये चार महिन्यांचा रिपोर्ट घेऊन आम्ही बसलो. विक्रीत पहिल्या नंबरचं गिऱ्हाईक काँट्रिब्युशनमध्ये सहाव्या नंबरवर होतं. पाच रंग, छोट्या छोट्या ऑर्डरी, लांबची वाहतूक. आणि गोव्यातलंच एक लहान गिऱ्हाईक, साधी पांढरी बाटली घेणारं, ट्रकभाडं जवळपास शून्य, ते टक्केवारीत सगळ्यात वर. सेल्सवाले आधी मानायला तयार नव्हते. केई२४ मधून एकेक नोंद उघडून दाखवली तेव्हा बोलणं थांबलं. गिऱ्हाईक सोडायचं असं कुणीही म्हटलं नाही, आणि म्हणूही नये. खास रंगाला किमान पन्नास हजारांची ऑर्डर ठरली, आणि महिन्याच्या योजनेत रंग फिक्याकडून गडदाकडे लावायला सुरुवात झाली, म्हणजे बॅरल साफ करायला कमी माल जातो.

कॉस्ट ऑडिटबद्दल, म्हणजे खर्चाच्या नोंदींच्या तपासणीबद्दल, विचारणाऱ्यांसाठी: आर्थिक वर्ष संपल्यापासून १८० दिवसांत, म्हणजे २७ सप्टेंबरपर्यंत, ऑडिटरना सीआरए-३ या नमुन्यातला अहवाल संचालक मंडळाला द्यावा लागतो. सप्टेंबर २०२४ चं ऑडिट २०२३-२४ या वर्षाचं होतं, त्यामुळे ते पूर्णपणे जुन्या एक्सेलवरच झालं. नवी व्यवस्था आली म्हणून जुनी फाइल मोडीत काढू नका. २०२५ मध्ये मात्र मालागणिक खर्चाचे तक्ते आणि वित्तीय नफ्याशी ताळमेळ तीन दिवसांत तयार झाला. पूर्वी तीन आठवडे लागत आणि चवथीची सुट्टी त्यात जाई.

एक काम अजून अर्धं आहे. वीज आम्ही अजून मशीनच्या तासांवर वाटतो, आणि जुनी मशीन नव्यांपेक्षा जास्त खातात हे सगळ्यांना माहीत आहे. चार मशीनवर स्वतंत्र मीटर बसले आहेत. सात नंबर त्यातलंच एक. रोज सकाळी बसमधून उतरले की आधी तिथे जाऊन रीडिंग वहीत लिहिते, मग टेबलावर येते. येत्या एप्रिलचे दर त्या वहीवरून भरायचे आहेत.